अमेरिकेत नोकरीला जाताय? विम्याचं आधी बघा

रुजू झालात की एचआर विम्याचे प्लॅन पाठवतं. निवडायला बहुतेक ठिकाणी महिनाभरच मिळतो आणि तो हुकला की सहसा पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत (प्लॅन निवडायची वर्षातून एकदा येणारी मुदत) बसा. त्यामुळे घर लावणं राहू द्या, आधी हे. तिथे सगळ्यांसाठी एकच सरकारी योजना नाही. पासष्टीपुढच्यांना मेडिकेअर, कमी उत्पन्नवाल्यांना मेडिकेड, नोकरदारांना कंपनीमार्फत विमा. दात आणि डोळ्यांचा प्लॅन बहुधा वेगळा घ्यावा लागतो, तोही तेव्हाच टिक करा.

पगारातून कापला जाणारा हप्ता कमी दिसला म्हणून भुलू नका, डिडक्टिबल बघा, म्हणजे विमा कंपनी तिचा वाटा द्यायला लागण्याआधी वर्षाला तुम्ही स्वतः भरायची रक्कम. समजा ते 1500 डॉलर आहे, त्यापुढे 20 टक्के तुमचे, आणि स्कॅनचा ठरलेला दर 2000. म्हणजे 1500 अधिक उरलेल्या 500 मधले 100, असे 1600 तुमच्याच खिशातून. ‘आउट ऑफ पॉकेट मॅक्सिमम’ हा आकडाही शोधून ठेवा, नेटवर्कमधल्या (तुमच्या प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांकडच्या) उपचारांचा तुमचा वर्षाचा वाटा तिथे थांबतो.

डॉक्टरकडे फोन करून ‘अमुक कंपनीचा विमा घेता ना?’ असं विचारू नका. मी विचारलं होतं. काउंटरवरची बाई ‘येस, येस’ म्हणाली आणि दीड महिन्याने नेटवर्कबाहेरचं बिल घरी आलं. विमा घेणं वेगळं, नेटवर्कमध्ये असणं वेगळं. कार्डावरचं प्लॅनचं पूर्ण नाव वाचून दाखवा आणि ‘या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये आहात का?’ एवढंच विचारा. फॅमिली डॉक्टरची पहिली अपॉइंटमेंट ठणठणीत असतानाच घ्या, नव्या पेशंटला कित्येकदा आठवडेच्या आठवडे थांबवतात.

साधा ताप, मुरगळलेला पाय यासाठी जवळचं अर्जंट केअर (अपॉइंटमेंटशिवाय बघणारा दवाखाना) हेरून ठेवा. छातीत कळ आली तर मात्र सरळ 911, हा तिथला इमर्जन्सी नंबर. 1986 च्या कायद्यामुळे जवळपास प्रत्येक इमर्जन्सी विभागाला विमा न विचारता तपासावंच लागतं. बिल नंतर येतंच, आणि रस्त्यावरच्या अ‍ॅम्ब्युलन्सचं जास्त झोंबतं, कारण अनपेक्षित बिलांविरुद्धच्या 2022 पासूनच्या कायद्यात ती धरलेलीच नाही.

उपचारानंतर विमा कंपनीचा एक कागद येतो, वर लिहिलेलं असतं ‘धिस इज नॉट अ बिल’. त्यावर पैसे भरू नका आणि तो फेकूही नका. हॉस्पिटलचं बिल आलं की दोन्ही शेजारी ठेवून आकडे ताडा, फरक दिसला तर आधी फोन, मग पैसे.

आई-बाबा येणार असतील तर ते तुमच्या कंपनीच्या विम्यात सहसा बसत नाहीत. व्हिजिटर इन्शुरन्स घ्या आणि जुन्या दुखण्यांचं कलम दोनदा वाचा, शुगर-बीपीची गोम तिथेच असते. गोळ्या मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. त्यात औषधांची ब्रँडची नव्हे, मूळ नावं हवीत. तीही कधी बदलतात: पॅरासिटामॉल तिथे असिटामिनोफेन, बाबांच्या दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. दोन्ही नावं लिहून घ्या.