आयकर रिटर्न भरताना या चुका टाळा: ३१ जुलै, दोन फॉर्म १६ आणि अडकलेला रिफंड

जुलै लागला की सगळीकडे एकच प्रश्न: "मुदत वाढणार का हो?" २०२५ मध्ये ती वाढली. ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली आणि अगदी शेवटी आणखी एक दिवस मिळून १६ सप्टेंबर. पण २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं पगारदारांसाठी ३१ जुलै ही ३१ जुलैच राहिली होती. वाढेल या भरवशावर बसलेल्यांची तिन्ही वर्षी पंचाईत झाली. आपल्याकडे एकट्यादुकट्या करदात्याला अर्ज करून मुदत वाढवून घेता येत नाही. वाढवायची झाली तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ ती सगळ्यांसाठीच वाढवतं. अमेरिकेतल्या मुलांकडून, भाच्यांकडून "आम्ही एक्स्टेन्शन घेतलंय" असं ऐकून काहींचा गोंधळ होतो. तिथे १५ एप्रिलपर्यंत फॉर्म ४८६८ भरला की रिटर्नसाठी १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळतो. कर मात्र तिथेही एप्रिलमध्येच भरायचा असतो, नाहीतर व्याज चढतं.

"फार तर पाच हजार जातील"

या एका वाक्याने लोकांचं जेवढं नुकसान होतं तेवढं दुसऱ्या कशाने होत नसेल. उशिराचं शुल्क खरंच तेवढंच आहे: एकूण उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर ५,००० रुपये, पाच लाखांपर्यंत असेल तर १,०००. विलंबित रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरताही येतं. पण मुदत हुकली की जुनी, वजावटींची करप्रणाली निवडण्याचा हक्क जातो. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर पगारदाराने तसं मुदतीतल्या रिटर्नमध्येच सांगावं लागतं, आणि धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असेल तर फॉर्म १०-आयईएसुद्धा मुदतीतच भरावा लागतो.

समजा, एखाद्याने गृहकर्जाचं व्याज, घरभाडं, पीपीएफ असं सगळं ऑफिसला दाखवलं आणि ऑफिसने जुन्या प्रणालीनेच टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा कर) कापला. रिटर्न ऑगस्टात गेलं की त्या सगळ्या वजावटी बाद होतात, कर नव्या प्रणालीने मोजला जातो आणि जो फरक निघेल तो व्याजासकट भरावा लागतो. पाच हजार त्यावर वेगळे.

शेअर्समध्ये तोटा झाला असेल तर तो पुढची आठ वर्षं नफ्यातून वळता करता येतो, पण तेही रिटर्न मुदतीत असेल तरच. बाजार पडलेल्या वर्षी "नफाच नाही, मग रिटर्न कशाला" म्हणणारे नेमके इथेच फसतात.

३१ डिसेंबरही गेला तर अद्ययावत रिटर्नचा पर्याय उरतो. करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून चार वर्षांपर्यंत ते भरता येतं, मात्र कर आणि व्याजावर पहिल्या वर्षी २५ टक्के जादा द्यावे लागतात, मग ५०, ६० आणि ७०. रिफंड मागण्यासाठी हे रिटर्न चालत नाही. आजारपण किंवा तशाच खऱ्याखुऱ्या अडचणीमुळे रिफंड राहिला असेल तर विलंब माफीचा अर्ज करावा लागतो. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करता येतो. माफी मिळेलच याची खात्री नाही, म्हणून पुरावे जपून ठेवा.

"बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, मग रिटर्न कशाला?"

२०२५-२६ साठी नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, तो ८७ए कलमाखालच्या ६०,००० रुपयांपर्यंतच्या सवलतीमुळे. करमुक्त मर्यादा मात्र चार लाखच आहे. उत्पन्न चार लाखांच्या वर गेलं की कर शून्य असला तरी रिटर्न भरायलाच हवं. शिवाय ही सवलत शेअर्स आणि म्युच्युअल फंडांवरच्या विशेष दराच्या भांडवली नफ्याला लागत नाही. पगार नऊ लाख आणि शेअर्सचा अल्पमुदतीचा नफा एक लाख असेल, तर त्या एक लाखावर २० टक्के कर भरावाच लागतो. वर्षाचं वीजबिल एक लाखाच्या वर गेलं किंवा परदेश प्रवासावर दोन लाखांहून जास्त खर्च झाला, तर उत्पन्न कितीही असो, रिटर्न बंधनकारक आहे.

नोकरी बदलली, हिशेब अर्धाच राहिला

पुण्या-मुंबईत दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलणारी तरुण मंडळी या चुकीत हमखास सापडतात. आकड्यांत बघू. एप्रिल ते सप्टेंबर पहिल्या कंपनीत आठ लाख पगार, ऑक्टोबर ते मार्च दुसऱ्या कंपनीत नऊ लाख. पहिली कंपनी वर्षाचे सोळा लाख धरते, ७५,००० ची प्रमाणित वजावट (पगारदारांना सरसकट मिळणारी) देते, वर्षाचा कर १,१३,१०० काढते आणि त्यातला निम्मा, म्हणजे ५६,५५०, कापते. दुसऱ्या कंपनीला आधीचा पगार कळवलाच नाही, तर तिच्या हिशेबात फक्त नऊ लाख असतात. ७५,००० वजा जाता सव्वाआठ लाख उरतात, ते बाराच्या आत, म्हणून टीडीएस शून्य! हातात पगार जास्त येतो, सगळे खूश असतात.

खरं उत्पन्न सतरा लाख. एकदाच प्रमाणित वजावट घेतली की सव्वासोळा लाखांवर कर होतो १,३०,०००. म्हणजे ७३,४५० रुपये कमी पडले. त्यावर आगाऊ कर न भरल्याचं व्याज येतं ते निराळंच. हे टाळायचं असेल तर नवीन ठिकाणी रुजू झाल्याबरोबर आधीच्या पगाराचा आणि टीडीएसचा तपशील कंपनीला द्या (२०२५-२६ मध्ये त्यासाठी फॉर्म १२बी होता). ती वेळ गेली असेल तर निदान रिटर्नमध्ये दोन्ही कंपन्यांच्या फॉर्म १६ (पगाराचा आणि टीडीएसचा दाखला) मधला पगार एकत्र करा आणि प्रमाणित वजावट एकदाच घ्या. आणि फरक कळल्याबरोबर भरून टाका, कारण व्याज महिन्याला एक टक्क्याने वाढत राहतं.

"बँकेने कापलाय की!"

निवृत्त मंडळींकडून हे फार ऐकायला मिळतं. बँक एफडीच्या व्याजावर दहा टक्के कापते. तुमचा दर वीस किंवा तीस टक्क्यांचा असेल तर उरलेला कर तुम्हालाच भरायचा असतो. व्याज मुदतीअखेर मिळणार असलं तरी बँक ते दरवर्षी जमा झालेलं दाखवते, आणि तसंच ते एआयएसमध्ये, म्हणजे खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, उतरतं. रिटर्नला हात घालण्याआधी आयकर पोर्टलवरून एआयएस आणि फॉर्म २६एएस (तुमच्या नावे जमा झालेल्या कराचा तक्ता) उतरवून घ्या आणि पासबुकाशी ओळ न् ओळ ताडून बघा. पतसंस्थेचं व्याज अनेकदा एआयएसमध्ये येत नाही. म्हणून ते करपात्र नाही असं मात्र समजू नका. एआयएसमध्ये चुकीची नोंद दिसली तर तिथेच प्रतिसाद नोंदवता येतो.

जुन्या प्रणालीत बचत खात्याच्या व्याजावर ८०टीटीएखाली १०,००० पर्यंत वजावट आहे. एफडीचं व्याज त्यात बसत नाही. साठी ओलांडलेल्यांना मात्र ८०टीटीबीखाली दोन्ही धरून ५०,००० पर्यंत मिळते.

वजावटी: कागद आधी, दावा नंतर

८०सी (पीपीएफसारखी गुंतवणूक), आरोग्यविमा, घरभाडं या वजावटी फक्त जुन्या प्रणालीत आहेत. ३१ मार्चनंतर केलेली गुंतवणूक आधीच्या वर्षाला धरता येत नाही, त्यामुळे जुलैत पीपीएफ भरून काही साधत नाही. शाळेच्या पावतीतली फक्त ट्यूशन फी ८०सीमध्ये बसते, तीही दोन मुलांपर्यंत. बसभाडं आणि इमारत निधी त्यातून वगळा. आरोग्यविम्याचा हप्ता रोखीने भरला असेल तर वजावट मिळत नाही.

घरभाड्याच्या सवलतीत एक गैरसमज घट्ट बसलाय. २०२५-२६ च्या हिशेबात मूळ पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना आहे. पुण्यात भाडी कितीही चढली असली तरी पुण्याला ४० टक्केच. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचं पॅन द्यावं लागतं. आई-वडिलांना भाडं देत असाल तर ते खात्यातून द्या, आणि त्यांच्या रिटर्नमध्ये ते उत्पन्न म्हणून दिसू द्या.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटच्या बाबतीत तर गफलत ठरलेलीच. हप्ते सुरू झाले की लोक व्याजाची वजावट मागतात. ती घर पूर्ण झालेल्या वर्षापासून मिळते. त्याआधी भरलेलं व्याज पाच समान वार्षिक हप्त्यांत विभागून घ्यायचं, आणि स्वतः राहत्या घराला सगळं धरून वर्षाला दोन लाखांची मर्यादा.

"तुम्हाला रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के आमचे" असं म्हणणाऱ्यांपासून कृपा करून चार हात दूर राहा. राजकीय पक्षांच्या खोट्या देणग्या दाखवून काढलेल्या रिफंडांप्रकरणी जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. रिटर्नखाली नाव तुमचं असतं. चुकीची माहिती देऊन कर बुडवल्याचं ठरलं तर त्या कराच्या २०० टक्के दंड तुम्हालाच होतो, एजंटाला नाही.

फॉर्म कुठला?

गावी शेती असलेल्यांनी इथे जरा थांबावं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ते ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही. पगारदाराने अशा वेळी आयटीआर-२ भरायचा. शेअर बाजारात एफ अँड ओ (फ्यूचर्स-ऑप्शन्स) किंवा इंट्राडे (त्याच दिवशी खरेदी-विक्री) केलं असेल तर आयटीआर-३. चुकीचा फॉर्म गेला तर सदोष रिटर्नची नोटीस येऊ शकते आणि उत्तराला पंधरा दिवस मिळतात. ती नोटीस दुर्लक्षित राहिली तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जाऊ शकतं.

भरलं, पण पोहोचलं का?

रिटर्न सादर केल्यावर तीस दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं असतं. आधार ओटीपीने हे दोन मिनिटांत होतं. तीस दिवस उलटून गेले तर व्हेरिफाय केल्याची तारीख हीच भरल्याची तारीख धरली जाते, म्हणजे ३० जुलैला भरलेलं रिटर्नही उशिराचं ठरतं आणि वर सांगितलेलं सगळं नुकसान पदरात पडतं.

रिफंड अडकण्याचं नेहमीचं कारण बँक खातं. पोर्टलवर ते आधी प्रमाणित झालेलं हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंच्या बाबतीत पॅनवर माहेरचं आणि खात्यावर सासरचं नाव असतं, आणि प्रमाणीकरण तिथेच फसतं. बँकेचं विलीनीकरण होऊन आयएफएससी बदलला असेल तरीही तेच. नाव किंवा कोड दुरुस्त करून खातं पुन्हा प्रमाणित करा आणि पोर्टलवर रिफंड पुन्हा पाठवण्याची विनंती टाका. तक्रार अर्ज करत बसायची गरज पडत नाही.

काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी १४३(१) ची सूचना, म्हणजे रिटर्न तपासून खात्याने काढलेला हिशेब, ईमेलवर येते. तिचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांतलं पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. उघडल्यावर दोन रकाने दिसतात: तुम्ही दाखवलेले आकडे आणि खात्याने धरलेले. जिथे फरक आहे ती ओळ शोधा. टीडीएस कमी धरला असेल तर कापणाऱ्याने पॅन चुकीचं टाकलंय का ते विचारा, त्याचं विवरण दुरुस्त झालं की १५४ कलमाखाली दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन करा. स्वतः भरलेला कर दिसत नसेल तर चलन काढून करनिर्धारण वर्ष बघा. २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी २०२६-२७ निवडायला हवं होतं, आणि घाईत आदलं वर्ष निवडलेलं बरेचदा सापडतं.