उदगीरला निघण्याआधी: सर्व्हर बसवायच्या तयारीची यादी

लातूरहून उदगीरला एखाद्या डाळ मिलचा सर्व्हर बसवायला निघायचं असेल, तर पहिलं काम आदल्या रात्री कागद-पेन घेऊन करायचं. बॅग नंतर भरा. आधी माउसने बसवणार की कमांडने, ते ठरवा. सोबत कोणती उत्तरं न्यायची हे त्यावरच अवलंबून आहे. खिडकीवाला इन्स्टॉलर प्रश्न विचारतो. कमांड बहुतेक वेळा काहीच विचारत नाही. मशीनवर आधी जे सेटिंग सापडेल तेच उत्तर समजून पुढे जाते.

पोस्टग्रेस या डेटाबेसचंच घ्या. विंडोजवर त्याचा इन्स्टॉलर फोल्डर विचारतो, पासवर्ड विचारतो, पोर्ट (डेटाबेसशी बोलायच्या दाराचा नंबर) ५४३२ ठेवू का विचारतो, लोकॅलची (भाषा आणि अक्षरांच्या सेटिंगची) यादी समोर धरतो. डेबियन या लिनक्सवर एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या कमांडची एक ओळ मारली की पडद्यावर थोडी अक्षरं पळतात आणि काम झालं. ही दुसरी पद्धत मला जास्त आवडते, पण तिनेच आम्हाला एकदा चांगलंच अडचणीत आणलं होतं. एका आडत दुकानात छाटलेली डेबियन होती, तिच्यावर लोकॅल बसवलेलंच नव्हतं. पोस्टग्रेसने गुपचूप एसक्यूएल-अॅस्की एन्कोडिंगचा (अक्षरं साठवायच्या पद्धतीचा) डेटाबेस करून टाकला. तिसऱ्या दिवशी मुनीमजींचा फोन आला, ‘सर, शेतकऱ्याचं पूर्ण नाव घेईना झालंय. निम्मं टाकलं की घ्यायलंय.’

नावाचा रकाना ३० अक्षरांचा होता. पण या एन्कोडिंगमध्ये पोस्टग्रेस अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त धरून, यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या चालणाऱ्या एन्कोडिंगमध्ये) ३ बाइट खातं. ‘ज्ञानेश्वर’ लिहायला १० चिन्हं लागतात, म्हणजे ३० बाइट. रकाना तिथेच भरला. वडिलांचं नाव आणि आडनाव दाराबाहेर. भरलेल्या डेटाबेसचं एन्कोडिंग नंतर बदलता येत नाही. डम्प (सगळ्या डेटाची नक्कल) काढून नव्या डेटाबेसात भरावा लागला, तोही ऐन तुरीच्या आवकेत.

तेव्हापासून आमच्या कागदावर पहिली ओळ लोकॅलची असते: यूटीएफ-८, आणि ते डेटाबेस बसवायच्या आधी. दुसरी वेळेची: आशिया/कोलकाता. उबंटू सर्व्हर (हेही लिनक्सच) बसवताना घड्याळ यूटीसीवर (आपल्या साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर) राहिलं तर सकाळी दहाची पावती साडेचारची दिसते आणि काटेवाला तुमच्याकडे संशयाने बघतो. मग मशीनचं नाव, कायमचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), डेटा कोणत्या डिस्कवर, पोर्ट, आणि मुख्य पासवर्ड कोणाकडे राहणार. माउसवाले हे सगळं तिथे उभ्या-उभ्या ठरवतात, पण मागे मालक, बाजूला चहा आणि कानाशी गिरणीचा आवाज असताना नेक्स्ट-नेक्स्टच दाबलं जातं.

विंडोज सर्व्हर असेल तर आवृत्तीच्या यादीत डोळे उघडे ठेवा. नुसतं ‘स्टँडर्ड’ लिहिलेली ओळ म्हणजे सर्व्हर कोअर, ज्यात डेस्कटॉप नाही. ‘डेस्कटॉप एक्स्पीरियन्स’ असं लिहिलेली ओळ वेगळी असते. २०१२ आर२ पर्यंत एकातून दुसऱ्यात जाता यायचं. २०१६ पासून ते बंद, म्हणजे चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मिलचा अकाउंटंट त्याच मशीनवर बसून हिशोब करणार असेल तर काळी खिडकी त्याच्या गळ्यात मारू नका.

आता बॅग. जुन्या सर्व्हरला मागे व्हीजीएच असतं, म्हणून व्हीजीए केबल आणि एचडीएमआयचा जोड दोन्ही घ्या. यूएसबी कीबोर्ड आपलाच न्या. पेनड्राइव्हवर पूर्ण इमेज (बसवायच्या सिस्टिमची फाइल) असू द्या. डेबियनची नेटइन्स्ट इमेज लहान असते खरी, पण बाकीचं सामान ती नेटवरून ओढते, आणि मिलच्या पत्र्याखाली मोबाइलचा हॉटस्पॉट कधी दम सोडेल सांगता येत नाही. इमेजचा शा-२५६ (फाइल बिघडली नाही ना ते दाखवणारा आकडा) घरीच जुळवून बघा. यूपीएसची बॅटरी किती मिनिटं टिकते ते फोनवर विचारून घ्या, कारण लाइट जाणारच.

लांबून बसवायचं असेल तर प्रश्न वेगळा. रिमोट डेस्कटॉप तुटला तरी पलीकडची खिडकी चालूच राहते, पुन्हा जोडलं की तिथून पुढे. इथे माउसवाल्यांची बाजू वरचढ. एसएसएच (लांबून कमांड द्यायची जोडणी) मात्र तुटलं की अर्ध्यात चाललेलं काम मरू शकतं, म्हणून टीमक्समध्ये (लाइन तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) शिरल्याशिवाय एपीटीला हात लावायचा नाही. विसरलातच आणि पॅकेजं अर्धवट लटकली, तर dpkg --configure -a ही कमांड कागदाच्या मागे लिहून ठेवा. सगळ्यात वाईट म्हणजे एसएसएचमधून ओढून आणलेली एक्सची (लिनक्सच्या ग्राफिक पडद्याची) खिडकी: चालते बैलगाडीसारखी आणि लाइन गेली की इन्स्टॉलरही गेला.

चार ठिकाणी तेच बसवायचं असेल तर पहिलं मशीन माउसने बसवायला माझी हरकत नाही, फक्त उत्तरांची फाइल उचलून आणा. रेड हॅट लिनक्सचा इन्स्टॉलर अॅनाकोंडा ती रूटच्या (मुख्य वापरकर्त्याच्या) होम फोल्डरात अॅनाकोंडा-केएस नावाने ठेवतो, उबंटू सर्व्हर इन्स्टॉलरच्या लॉगच्या फोल्डरात ऑटोइन्स्टॉल म्हणून, आणि ओरॅकल डेटाबेसच्या इन्स्टॉलरमध्ये बसवणं सुरू होण्याआधीच्या सारांशाच्या पानावर रिस्पॉन्स फाइल (तीच उत्तरांची फाइल) जपून ठेवायचं बटण असतं. तिच्यात पासवर्ड कसा उतरलाय ते बघूनच ती पेनड्राइव्हवर घ्या. पुढच्या मशीनला नाव आणि आयपी तेवढे बदला.

विंडोजवर एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) कमांडने गुपचूप बसवत असाल तर लॉगचा (नोंदींच्या फाइलचा) स्विच विसरू नका, कारण चूक झाली तरी पडद्यावर काही येत नाही. शेवटी कमांडने परत दिलेला आकडा बघा: ० म्हणजे झालं, ३०१० म्हणजे झालं पण रिस्टार्ट हवा. तो रिस्टार्ट मालकाला विचारून, काटा रिकामा असताना करा. मशीन वर आलं की ‘ज्ञानेश्वर’ला वडिलांचं नाव, आडनाव जोडून एक खोटी पावती काढा, वेळ घड्याळाशी जुळवा, पावती रद्द करा आणि मग लातूरची गाडी बघा.