पु-अर चहा कडू, कुबट किंवा पाणचट लागतोय? या चुका टाळा

हौसेने पु-अरची चकती मागवली, पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं, असं सांगणारे बरेच भेटतात. मग ‘चहाच खराब निघाला’ असं ठरवून चकती कपाटात मागे ढकलली जाते. माझ्या मते बहुतेक वेळा दोष चहाचा नसतो. आपल्या हातात कोणता पु-अर आहे, हेच ठाऊक नसतं.

हा चहा चीनच्या युन्नान प्रांतातला, मोठ्या पानांच्या झाडांचा. आसामचा चहा याच जातकुळीतला. पानं गरम कढईत परततात, वळतात आणि उन्हात वाळवतात. इथून दोन वाटा फुटतात. वाफ देऊन तशीच चकतीत दाबली, तर तो ‘शंग’, म्हणजे कच्चा पु-अर. तो वर्षानुवर्षं सावकाश मुरतो. दुसरा ‘शौ’, म्हणजे पिकवलेला. त्यासाठी पानांचा मोठा ढीग लावून पाणी मारतात, वरून झाकतात आणि दीड-दोन महिने अधूनमधून उलथत राहतात. ढिगाच्या पोटात तापमान 50-60 अंशांपर्यंत चढतं, बुरशी आणि जिवाणू पानं काळपट करून टाकतात. मुरलेल्या चहाला हाँगकाँग आणि ग्वांगदोंगमध्ये मोठी मागणी होती, तेवढी वर्षं थांबायचं कोणी? म्हणून 1973 च्या सुमारास कुनमिंग आणि मंगहायच्या कारखान्यांनी ही पद्धत बसवली.

एकाच मापाने दोन्ही करू नका

कोवळ्या शंगवर उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवलं, तर तो कडूच होणार. 100 मिलिलिटरच्या झाकणाच्या वाटीत, म्हणजे गायवानमध्ये, 5 ग्रॅम पानं घ्या. पाणी 90 अंशांच्या आसपास ठेवा आणि पाच-दहा सेकंदांत चहा ओतून काढा. कडवटपणा थोडा राहतोच. चांगल्या शंगमध्ये तो जिभेवरून ओसरतो आणि मागून घशात गोडवा येतो. तुरटपणा नुसता चिकटून राहिला, तर वेळ आणखी कमी करा.

शौचं उलटं आहे. त्याला खळखळ उकळतं पाणीच लागतं. कोमट पाण्यात तो पाणचट, मातकट लागतो. नीट उतरला की दाट, मऊ, थोडा खजुरासारखा गोड लागतो. पाच ग्रॅम पानांत आठ-दहा वेळा चहा निघतो. प्रत्येक वेळी थोडी सेकंदं वाढवत जा. दुधाचं म्हणाल, तर तिबेटमध्ये दाबलेला चहा उकळून लोणी आणि मीठ घालून पिढ्यान्‌पिढ्या पितात, त्यामुळे त्यात पाप काही नाही. फक्त महागड्या जुन्या चकतीला दूध-साखर घातली, तर ज्यासाठी पैसे मोजले ती चव हाती लागत नाही.

चकती फोडतानाच अर्धा चहा बिघडतो

बत्त्याने ठोकलं की भुगा होतो. भुगा झटकन उतरतो आणि चहा गढूळ, कडू होतो. चकतीच्या मागे मधोमध खळगा असतो. दाबताना कापडाची गाठ तिथे येते. कडेने किंवा त्या खळग्यातून चहाची टोकदार सळई आडवी सरकवा, हलकेच उचला, थर सुटेल. सळई स्वतःच्या हाताकडे कधीही रोखू नका. मग पहिलं पाणी पाच सेकंदांत फेकून द्या आणि झाकण ठेवून पानांना मिनिटभर फुगू द्या. ही पायरी गाळली की पहिले दोन कप फिके लागतात आणि तिसरा एकदम अंगावर येतो.

वास कसला येतो?

नव्या शौला मासळीसारखा किंवा डबक्यासारखा वास येतो, तो ढिगाचा असतो. तुकडे करून मातीच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत दोन-तीन आठवडे ठेवा, बराचसा उतरतो. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली, तर मात्र सरळ फेकून द्या. बुरशीची विषं उकळून जात नाहीत. ‘ही सोनेरी फुलं आहेत’ असं विक्रेता म्हणाला, तरी ऐकू नका. ते पिवळ्या बुरशीचे कण हुनान आणि शान्शी प्रांतांतल्या फू विटेत, म्हणजे विटेसारख्या दाबलेल्या दुसऱ्या एका चहात मुद्दाम वाढवतात, पु-अरमध्ये नाही.

साठवणीला 60-70 टक्के आर्द्रता बरी. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळाभर हवा त्याहून कितीतरी ओली असते. चार महिने चकती घट्ट पिशवीत बंद ठेवा, आत छोटा आर्द्रतामापक टाका. नागपूरच्या उन्हाळ्यात उलट चहा कोरडा पडून मुरायचा थांबतो. स्वयंपाकघर आणि फ्रीज टाळाच. हिंग-मसाल्याचा वास हा चहा लगेच ओढून घेतो.

जुना म्हणजे चांगला, हा सगळ्यात महाग पडणारा समज

वीस वर्षं ओलसर गोदामात पडलेली चकती नुसती कुबट होते. वेष्टनावरचे आकडेही फसवतात. मंगहाय कारखान्याच्या 7542 या प्रसिद्ध मिश्रणाच्या क्रमांकातला 75 म्हणजे मिश्रण ठरवल्याचं साल, 4 ही पानांची प्रत आणि 2 हा कारखान्याचा क्रमांक. चकती 1975 ची आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. लाओ बानजांगसारख्या नावाजलेल्या गावाचं नाव तर कोणत्याही चकतीवर छापता येतं. 2007 मध्ये पु-अरवरच्या सट्ट्याने भाव आभाळाला भिडले आणि त्याच वर्षी कोसळले.

म्हणून आधी 10-20 ग्रॅमचा नमुना घ्या आणि चहा करून झाल्यावर चोथा बोटांनी उलगडून बघा. नीट मुरलेल्या शंगचं पान तपकिरी असलं तरी लवचीक असतं, पसरलं की अख्खं उघडतं. ‘तीस वर्षांचा शंग’ म्हणून विकलेलं पान काळं, चिवट किंवा चिखलासारखं निघालं आणि पहिलाच कप कॉफीसारखा काळा उतरला, तर तो शौ आहे किंवा ओलाव्यात सडवलेला माल आहे. तिथून अख्खी चकती घेऊ नका.