नॉर्दर्न लाइट्स पाहायच्या आहेत? आधी ढगांचं बघा

"आम्ही जानेवारीत निघतोय, केपी किती असेल?" दर हिवाळ्यात कुणी ना कुणी मला हे विचारतंच. केपी म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा 0 ते 9 चा आकडा. नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे ध्रुवाकडच्या रात्रीच्या आकाशातला रंगीत प्रकाश, बघायला निघालेले सगळे तोच धरून बसतात. तो राहू द्या बाजूला. हातात रात्री किती आहेत, ते आधी सांगा.

ठिकाण म्हणून उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो धरा. सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर कधीही चालेल. माझी पसंती मार्चला, कारण दिवसा फिरायला उजेड आणि रात्री पुरेसा काळोख, दोन्ही मिळतं. जूनचं स्वस्त तिकीट घेऊ नका, तेव्हा तिथे सूर्य मावळतच नाही. शेंगेन व्हिसाचा (नॉर्वेसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो. मुक्काम किमान 5 रात्रींचा हवा. दोन रात्रींचं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल, तर सरळ नाही म्हणा.

आता खरी अडचण.

पहिल्या खेपेला मी तीन रात्री ट्रॉम्सोतच बसून काढल्या. अ‍ॅपवर केपी 5 दिसत होता आणि मी धक्क्यावर मान वर करून उभी. वर नुसतं ढगांचं झाकण, त्यावर शहरातल्या दिव्यांची नारिंगी झाक. तिसऱ्या रात्री पैसे भरून एक सहल घेतली. त्यांनी ठरलेल्या तंबूपाशी नेलं, गरम सूप दिलं आणि त्याच ढगांखालून परत आणून सोडलं. सकाळी नाश्त्याला शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी फोन पुढे केला. तीच रात्र, दोन तासांवरची दरी, आणि डोंगरापासून डोंगरापर्यंत हिरवे पट्टे. मला घास गिळवेना.

हा प्रकाश 100 किलोमीटरच्या वर असतो आणि ढग फार तर 10-12 किलोमीटरवर. मध्ये ढग आला की केपी 7 असला तरी तुम्हाला काहीही दिसणार नाही. केपी सांगतो तो प्रकाशाचा पट्टा दक्षिणेकडे किती सरकलाय ते. मे 2024 मध्ये लडाखच्या हानले वेधशाळेतून आकाश लाल दिसलं, तेव्हा केपी 9 होता. ट्रॉम्सो मुळात त्या पट्ट्याखालीच आहे, तिथे 2 सुद्धा पुरतो.

मग मोकळं आकाश शोधायचं कुठे? महाबळेश्वरला धो धो कोसळतो आणि माण-खटाव कोरडं राहतं, हे आपल्याला ठाऊक आहे. तिथेही तसंच. समुद्रावरचं दमट वारं किनाऱ्याच्या डोंगरांवर रिकामं होतं आणि पलीकडची शिबोत्नची दरी कोरडी राहते. ट्रॉम्सोहून गाडीने साधारण दोन तास. त्याच रस्त्याने पुढे गेलं की फिनलंडचं किल्पिसयार्वी. स्वीडनमधलं आबिस्को याच पर्जन्यछायेमुळे नावाजलेलं आहे. वारा पूर्वेकडून असेल, तर मात्र किनाराच उघडा मिळू शकतो.

रोज दुपारी 4 वाजता नॉर्वेच्या हवामान संस्थेचं मोफत 'वायआर' उघडा. ट्रॉम्सो, शिबोत्न आणि किल्पिसयार्वी, तिन्हींचे ताशी ढग बघा. जिथे कमी, तिथे जायचं. बर्फाळ रस्त्यावर गाडी चालवायची सवय नसेल, तर स्वतः चालवू नका, यात मी कुणाचंही ऐकून घेत नाही. छोट्या गाडीची सहल घ्या आणि पैसे भरण्याआधी लेखी विचारा: "ढग असले तर फिनलंडपर्यंत नेणार का?" उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरी सहल बघा. पासपोर्ट खिशात हवाच.

कपडे लोकरीचे, बूट एक नंबर मोठे. घट्ट बुटात बोटं गारठतात. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते.

तिथे पोचल्यावर सुरुवातीला फिकट पांढुरक्या ढगासारखं काहीतरी दिसेल. लोक तिथेच फसतात आणि गाडीत जाऊन बसतात. फोन स्थिर धरून 3 सेकंदांचा फोटो काढा. हिरवा आला, तर तोच तो. मग जागा सोडू नका. मी शिबोत्नला केपी 2 असताना अशी फिकट कमान तासभर जागची न हलता बघितली. साडेदहाला ती मधेच तुटली, खालच्या कडेला गुलाबी झालर आली आणि सगळं आकाश पडद्यासारखं हलू लागलं. पाच-सात मिनिटंच. आमच्यातले दोघे तेव्हा गाडीत झोपले होते.

11 वाजता कुणी "चला परत" म्हणालं आणि आकाश मोकळं असलं, तर चालकाकडे अजून एक तास मागून घ्या.