मोठ्या संख्येचे अवयव पाडताना या चुका टाळा

परभणीजवळच्या आमच्या गावात संध्याकाळी मी स्कॉलरशिप आणि नवोदयच्या लेकरांना गणित शिकवतो. दरवर्षी एकदा फळ्यावर १२३४५६७८९० लिहितो आणि म्हणतो, पाडा हिचे मूळ अवयव. चुका त्याच त्या होतात.

पहिली चूक वाचनातच. मोबाइल १,२३४,५६७,८९० असं दाखवतो आणि लेकरं अडखळतात. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, विक्रीच्या पट्टीवर देतात तसे स्वल्पविराम द्या: उजवीकडून आधी तीन अंक, मग दोन-दोन. १,२३,४५,६७,८९०, म्हणजे एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे नव्वद.

दुसरी चूक कसोटी ताणण्याची. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो, हे बरोबर. मग २७ लाही बेरजेची कसोटी लावतात. १०, १००, १००० यांना ९ ने भागलं की बाकी १ च उरते, म्हणून ९ ला बेरीज चालते. २७ चं तसं नाही. खुद्द २७ च्या अंकांची बेरीज ९ येते, तिला २७ ने भाग जातो का?

खरी मेख पुढे आहे. २, ३, ३ आणि ५ काढले की उरतात १,३७,१७,४२१. मागच्या वर्षी एका मुलीनं ९७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी चिकाटीनं भागून पाहिलं, पानभर भागाकार केले आणि शेवटी चौकटीत लिहिलं: मूळ संख्या. मी नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मग कुठवर भागावं, सर?"

वर्गमूळापर्यंत. दोन्ही अवयव वर्गमूळापेक्षा मोठे असते, तर गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. इथं वर्गमूळ ३७०३ आणि ३७०४ च्या मधे आहे, म्हणजे पाचशेहून जास्त मूळ संख्या तपासायच्या. वहीवर कोण करणार? म्हणून मी फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची युक्ती दाखवतो. वर्गमूळाच्या लगेच वरची संख्या घ्या, तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करा, बाकी पूर्ण वर्ग येते का बघा; नाही आली तर पुढची संख्या घ्या. ३७०४ चा वर्ग १,३७,१९,६१६, बाकी २१९५. नाही. ३७०५ चा वर्ग १,३७,२७,०२५, बाकी ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग! दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या संख्यांची वजाबाकी गुणिले बेरीज, म्हणून अवयव ३७०५ − ९८ आणि ३७०५ + ९८, म्हणजे ३६०७ आणि ३८०३. दुसऱ्याच फेरीत सुटलं. पण दोन्ही अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच ही युक्ती इतकी लवकर लागू पडते.

आता १२३४५६७८९० = २ × ३² × ५ × ३६०७ × ३८०३. हिचे एकूण विभाजक मोजताना दोन्ही ३ वेगळे धरू नका, नाहीतर उत्तर ६४ येतं. प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवून गुणा: २ × ३ × २ × २ × २ = ४८.

आणि संगणकावर ताळा करणार असाल तर शेवटचा अंक बघा. स्प्रेडशीटमध्ये १२३४५६७८९ चा वर्ग काढला तर शेवटी दोन शून्यं दिसतात, कारण ती पंधराच अंक धरते. खरं उत्तर १५२४१५७८७५०१९०५२१. नवाचा वर्ग ८१, म्हणजे शेवटी १ यायलाच हवा.