वाचनालयासाठी छोटी ग्रँट मागताय? या चुका टाळा

ग्रँट, म्हणजे प्रकल्पासाठी मिळणारं अनुदान, छोटी म्हणजे अर्जाचं कामही छोटं असं समजून शेवटच्या दोन दिवसांत लिहायला बसणारे इतके बघितलेत की आता हे लिहूनच टाकते. लोकसहभागाच्या, म्हणजे लोकांना सोबत घेऊन करायच्या, प्रकल्पांसाठी वाचनालयांचे ग्रँटचे अर्ज लिहायला मी बरीच वर्षं मदत करतेय, कधी तपासायलाही बसते, आणि चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लोकांना न विचारताच लोकांसाठी प्रकल्प ठरवणं. अर्जात पानोपानी लोकसहभाग असतो आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यातल्या एकाशीही कुणी बोललेलं नसतं. हे मी स्वतः केलंय म्हणून जास्त तळमळीने सांगते. आमच्या वाचनालयात ज्येष्ठांसाठी मोबाईल-कॉम्प्युटरचे वर्ग घ्यायचे ठरवले, सहा आठवडे, दुपारी तीन ते साडेचार, कारण त्या वेळेत हॉल रिकामा असतो आणि आम्हालाही सोयीचं. ग्रँट मिळाली, शिकवायला माणूस ठरवला, वीस खुर्च्या मांडल्या आणि आले चार जण. तिसऱ्या आठवड्यात एक. मग रोज पेपर वाचायला येणाऱ्या एका आजींना काउंटरवरच विचारलं की तुम्ही का नाही येत, तर म्हणाल्या, "अगं तीनला नातू शाळेतून येतो, त्याच्याकडे कोण बघणार? आणि मला सगळा कॉम्प्युटर नको शिकायला, दवाखान्याची अपॉइंटमेंट मोबाईलवरून कशी घ्यायची तेवढं कुणीतरी शेजारी बसून दाखवा." दोन मिनिटांचं बोलणं, पण ते अर्जाच्या आधी व्हायला हवं होतं. आम्ही ग्रँट देणाऱ्यांना लेखी कळवून परवानगी घेतली, वेळ सकाळी अकराची केली, वर्ग बंद करून ज्याची जी अडचण ती घेऊन या, शेजारी बसून सोडवू असं केलं, तेव्हा खुर्च्या भरायला लागल्या. पण तीन आठवडे आणि निम्मा पैसा गेला तो गेलाच.

देणाऱ्यांनाही हे माहीत असतं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०२० मध्ये छोट्या आणि ग्रामीण वाचनालयांसाठी ३,००० डॉलरच्या ग्रँट सुरू केल्या तेव्हा चर्चा कशी घडवून आणायची याचं ऑनलाइन ट्रेनिंग घ्यायचं आणि लोकांसोबत किमान एक चर्चा घ्यायची हे त्यातच होतं. नंतर अपंग व्यक्तींसाठी वाचनालय सोयीचं करायला १०,००० आणि २०,००० डॉलरच्या ग्रँट आल्या, त्यातही ज्यांच्यासाठी बदल करायचा त्यांच्याशी बोलून मग काय बदलायचं ते ठरवा असंच. म्हणजे रॅम्प की मोठ्या अक्षरांची पुस्तकं हे तुम्ही ऑफिसात बसून ठरवायचं नाही.

विचारायचं काय, तर "तुम्हाला वाचनालयाकडून काय हवंय" हे विचारू नका. लोक म्हणतात नवीन पुस्तकं आणा आणि विषय संपतो. लोकसहभागावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या हारवूड इन्स्टिट्यूटचे चार प्रश्न आहेत तेच मी वापरते: तुम्हाला कशा वस्तीत राहायला आवडेल, ते तुमच्यासाठी महत्त्वाचं का, आत्ताची परिस्थिती त्यापेक्षा वेगळी कशी, आणि बदल व्हायचा तर काय काय घडायला हवं. यात वाचनालयाचं नाव कुठेच नाही, म्हणूनच उत्तरं खरी येतात. माझी सवय अशी की काउंटरवर एक वही ठेवायची आणि माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दात, तारीख घालून लिहायचं. महिन्याभरात अर्जातली "गरज" आपोआप लिहून होते, आणि तपासणाऱ्याला असं एक खरं वाक्य दिसलं की तो थांबून वाचतो, मी तरी थांबते.

दुसरी चूक, जिचा मला खरंच राग येतो: खरेदीची यादी आधी, प्रकल्प नंतर. प्रोजेक्टर हवाय म्हणून त्याच्याभोवती कार्यक्रम विणलेला अर्ज पहिल्या पानावरच कळतो. बजेटचा मोठा भाग वस्तूंवर, आणि माणसांना आणण्या-नेण्यावर, मुलं सांभाळण्यावर, दुभाष्यावर शून्य, मग लोक येणार कसे? मी बजेट सगळ्यात शेवटी लिहिते. आधी एका माणसाचा दिवस डोळ्यासमोर आणायचा, तो घरून निघाल्यापासून परत जाईपर्यंत त्याला काय काय अडेल ते लिहायचं, आणि त्या अडचणींवर पैसे टाकायचे. त्यात प्रोजेक्टर आला तर येऊ दे.

बाकीच्या पटापट सांगते. मंजुरीचं पत्र यायच्या आधी केलेला खर्च बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, तेव्हा घाईने काही विकत घेऊ नका. बिलं त्याच दिवशी फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाका. सोबत काम करणाऱ्या संस्थेचं पत्र शेवटच्या दिवशी मागितलं की कोरडं, चार ओळींचंच मिळणार. तुमच्या स्टाफचे तास बजेटमध्ये धरा, ते तास फुकट नसतात. आणि दुसऱ्या वाचनालयाला ज्यावर ग्रँट मिळाली तो अर्ज नाव बदलून पाठवू नका, दोन्ही अर्ज एकाच टेबलावर येऊ शकतात, माझ्यासमोर आलेत.

राहिला प्रकल्प संपल्यावर ग्रँट देणाऱ्यांना द्यायचा रिपोर्ट. नवशिक्यांना घाई असते, किती जण आले तो आकडा टाकून मोकळं व्हायचं असतं. आकडा द्याच, पण पहिल्या दिवशी आलेल्या दोघा-तिघांना "आज का आलात" विचारून लिहून ठेवा आणि शेवटच्या दिवशी त्याच माणसांना पुन्हा विचारा. आमच्या त्या रिपोर्टमध्ये आजींचं एकच वाक्य होतं, "आता अपॉइंटमेंट मी माझी मी घेते, शेजारणीचीही घेऊन दिली." पुढच्या वर्षीच्या अर्जात पहिली ओळ तीच घातली.