दोन एनसीसी तुकड्या एक करताना

दोन कॉलेजांच्या तुकड्या एक होणार असतील, तर आधी स्टोअर उघडा. ढाली, सन्मानफलक, दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिराचे फोटो यांची यादी दोन्हीकडच्या सीनियर अंडर ऑफिसरांच्या, म्हणजे सर्वांत वरच्या हुद्द्याच्या कॅडेटांच्या, सहीने करा. फलक नव्याने रंगवून नावं मिसळू नका, दोन्ही शेजारी लावा. माजी कॅडेट आला की आधी स्वतःचं नाव शोधतो. मी हे कितीदा पाहिलंय!

प्लाटून मात्र पहिल्याच परेडला मिसळा, नाहीतर वर्षभर ‘ते’ आणि ‘आम्ही’ चालतं. एनसीसीच्या ‘बी’ आणि ‘सी’ प्रमाणपत्रांच्या परीक्षेला ७५ टक्के हजेरी लागते, म्हणून जुनी हजेरीपुस्तकं बटालियनकडून तपासून घ्या. नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी, एनसीसी दिनाला, दोन्हीकडच्या माजी कॅडेटांना आवर्जून बोलवा.